तंजावरचे सरफोजीराजे आणि ओरत्तनाडूचे छत्र

तंजावरहून दक्षिणेस पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या सडकेवर सुमारे २५ किलोमीटर अंतरावर ओरत्तनाडु नावाचे गाव लागते. भाताची खाचरे, नारळीच्या बागा, बाजारपेठ आणि मोटारींची वर्दळ असे या भागातील कोणत्याही गावासारखेच त्याचे रूप आहे. परंतु या गावात एक जुनी भव्य वास्तू आहे. हत्ती आणि घोडे जोडलेला एखादा दगडी रथच जमिनीवर येऊन थांबला असावा, अशी तिच्या दर्शनी भागाची रचना आहे. हे मुक्तांबाळ छत्र होय. या गावाचे दुसरे नावही मुक्तांबाळपुरम असेच आहे. तंजावरला येणारा मराठी प्रवासी बृहदीश्वराचे दर्शन घेतो, सरस्वती महाल पाहतो आणि परततो. ओरत्तनाडूपर्यंत तो सहसा येत नाही. सरकारी नोकरीतील बदल्यांच्या निमित्ताने दक्षिणेत अनेक वर्षे काढल्यामुळे प्रस्तुत लेखकास मात्र ही वास्तू निवांतपणे पाहण्याचा योग आला, आणि ती उभारणाऱ्या राजाचे चरित्र नव्याने वाचावेसे वाटले.

हा राजा म्हणजे तंजावरचे सरफोजीराजे भोसले, दुसरे. त्यांच्या विद्याव्यासंगाची ख्याती सर्वपरिचित आहे. परंतु त्यांच्या जीवनाला आणखी एक बाजू आहे. युरोपातील धर्म आणि राजसत्ता यांच्या शतकानुशतकांच्या संघर्षाच्या लाटा कावेरीच्या मुखापर्यंत येऊन पोचल्या होत्या, आणि त्या लाटांतच या मराठी राजपुत्राचे बालपण, शिक्षण व राज्यारोहण घडले. त्यातून त्यांनी काय स्वीकारले, काय नाकारले आणि कशासाठी आग्रह धरला, हे घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी कुटुंबांनी जाणून घेण्यासारखे आहे.

कावेरीकाठी युरोपचे तंटे

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी इ. स. १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले आणि तेथे मराठी राज्याचा पाया घातला. त्या वेळी चोळमंडलाच्या किनाऱ्यावर युरोपीय लोक आधीच येऊन बसले होते. नागपट्टणम् येथे पोर्तुगीजांची वसाहत होती. ती १६५८ मध्ये डचांनी जिंकून घेतली. तरंगंपाडी येथे १६२० पासून डेन्मार्कच्या लोकांचा किल्ला होता. पुढे १७३९ मध्ये कारैक्काल फ्रेंचांकडे गेले आणि १७४९ मध्ये देवीकोट्टै इंग्रजांनी घेतले.

आपल्या लोकांना हे सारे टोपीकर एकसारखेच दिसत. वस्तुतः त्यांच्यात मोठी फूट होती. पोर्तुगीज आणि फ्रेंच हे रोमच्या पोपला मानणारे कॅथलिक होते, तर डच, डेन्मार्कवासी आणि इंग्रज हे पोपची सत्ता झुगारून दिलेल्या निरनिराळ्या प्रोटेस्टंट पंथांचे होते. युरोपात हजार वर्षे कॅथलिक धर्मपीठ हे केवळ उपासनेचे केंद्र नव्हते. राजांचे राज्याभिषेक, विवाह, वारसा आणि तह यांवर त्याचा अधिकार चाले. १५१७ मध्ये जर्मनीत मार्टिन ल्यूथर यांनी या अधिकाराला आव्हान दिले, आणि त्यानंतर धर्माचा प्रश्न हा राज्याचा प्रश्न बनला. १५५५ मध्ये आउग्सबुर्ग येथे जो तह झाला, त्यात जर्मनीतील प्रत्येक संस्थानाचा राजा कॅथलिक वा ल्यूथरपंथी यांपैकी जो पंथ पाळील तोच तेथील प्रजेचा पंथ, असे ठरले. ज्यांना ते मान्य नसेल त्यांनी घरदार विकून अन्यत्र जावे, इतकीच काय ती सवलत. एवढे करूनही शांतता लाभली नाहीच. १६१८ पासून १६४८ पर्यंत तीस वर्षांचे भीषण युद्ध झाले आणि जर्मनीतील प्रदेशच्या प्रदेश ओसाड पडले.

याच तंट्यांचे पडसाद आपल्याकडे उमटले. पूर्वेकडील धर्मप्रसाराचा अधिकार पोपने पोर्तुगालच्या राजास दिलेला होता. त्या आश्रयाने जेझुइट संघाचे पाद्री गोव्यात आणि मदुरेच्या परिसरात आले. इंग्लंडमध्ये कॅथलिकांचा छळ होत असता तेथून निघालेले फादर स्टीफन्स गोव्यास पोचले आणि त्यांनी आपल्या मराठीत ख्रिस्तपुराण रचले, ते १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले, हे आपण जाणतोच. तमिळ देशात फादर बेस्की या इटालियन जेझुइटाने वीरमामुनिवर या नावाने तमिळ साहित्यात अढळ स्थान मिळविले. दुसरीकडे डेन्मार्कच्या राजाने १७०६ मध्ये तरंगंपाडीस ल्यूथरपंथी पाद्री पाठविले. बेस्की आणि हे ल्यूथरपंथी यांचे वाद तमिळ भाषेतून रंगले. रोम आणि जर्मनी यांच्यातील कलहाचे खंडनमंडन भाताच्या खाचरांमध्ये, तेथील शेतकऱ्यांच्या भाषेत होऊ लागले, ही इतिहासातील एक विलक्षण गोष्ट म्हटली पाहिजे.

१७७३ हे साल तर दोन्ही अंगांनी लक्षात ठेवावे असे आहे. पोर्तुगाल, फ्रान्स आणि स्पेन येथील कॅथलिक राजांच्याच दडपणामुळे पोप चौदावे क्लेमेंट यांना त्या वर्षी जेझुइट संघ विसर्जित करावा लागला. राजसत्तेपुढे धर्मपीठ नमले. त्याच वर्षी अर्काटच्या नबाबाने कंपनीच्या फौजेच्या बळावर तंजावर जिंकले आणि तुळजाराजे कैदेत पडले. १७७६ मध्ये कंपनीने त्यांचे राज्य परत केले खरे, परंतु त्यानंतर तंजावरचे राजे खऱ्या अर्थाने स्वतंत्र राहिले नाहीत.

दत्तक राजपुत्र आणि पाद्री श्वार्ट्झ

अशा काळात, २४ सप्टेंबर १७७७ रोजी, सरफोजींचा जन्म भोसले घराण्याच्या एका शाखेत झाला. तुळजाराजांची स्वतःची मुले हयात राहिली नव्हती. म्हणून त्यांनी आपल्या अंतकाळी, जानेवारी १७८७ मध्ये, या मुलास दत्तक घेतले. त्या वेळी सरफोजींचे वय अवघे नऊ वर्षांचे होते.

दत्तकविधान झाले, पण मुलाचे रक्षण कोण करणार? तुळजाराजांनी ही जबाबदारी सोपविण्यासाठी ज्या व्यक्तीस पाचारण केले, ती कोणी भाऊबंद वा सरदार नव्हती. ती होती ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या ल्यूथरपंथी पाद्र्याची. १७२६ मध्ये प्रशियातील झोननबुर्ग येथे जन्मलेले श्वार्ट्झ १७५० मध्ये तरंगंपाडीस आले, पुढे त्रिचनापल्लीस राहिले आणि १७७८ पासून तंजावरास स्थायिक झाले. तमिळ त्यांना उत्तम येत असे, आणि राजदरबारात बोलता यावे म्हणून ते मराठीही शिकले. हैदर अलीच्या स्वारीत तंजावरच्या मुलखात दुष्काळ पडला, तेव्हाची त्यांची एक हकीकत प्रसिद्ध आहे. पूर्वी धान्य देऊनही मोबदला न मिळाल्याने शेतकरी राजाला किंवा कंपनीला धान्य देण्यास तयार नव्हते. श्वार्ट्झ यांनी आपल्या शब्दावर हमी दिली तेव्हा धान्याच्या गाड्या किल्ल्यात आल्या, आणि त्यांनी प्रत्येकाचे दाम चुकते केले. तुळजाराजांचा त्यांच्यावर विश्वास बसला तो याच सचोटीमुळे.

श्वार्ट्झ यांनी मात्र पालकत्वाची जबाबदारी स्वीकारली नाही. एका परदेशी पाद्र्याच्या हाती राजपुत्र दिल्यास घरातच कलह माजेल, हे ओळखून त्यांनी राजाचे सावत्र बंधू अमरसिंह यांचे नाव सुचविले. सल्ला शहाणपणाचा होता, पण परिणाम उलटा झाला. तुळजाराजांच्या निधनानंतर अमरसिंहांनी स्वतःच गादीवर हक्क सांगितला. कंपनीने पंडितांची सभा भरविली. दत्तकविधान शास्त्रसंमत नाही असा निर्णय मिळाला आणि अमरसिंह राजे झाले. बालक सरफोजी वाड्यातील अंधाऱ्या खोल्यांत जवळजवळ बंदिवासात पडले. त्यांच्या शिक्षणाची कोणतीही सोय करण्यात आली नाही.

तेव्हा श्वार्ट्झ यांनी मद्रासच्या सरकारकडे वारंवार दाद मागितली. अखेर १७९३ मध्ये तुळजाराजांच्या राण्यांसह सरफोजींना मद्रासला हलविण्यात आले. तेथे गेरिके या दुसऱ्या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. इंग्रजी भाषा, गणित, भूगोल आणि पाश्चात्त्य शास्त्रे यांची गोडी त्यांना येथेच लागली. इकडे दत्तकविधानाची पुन्हा चौकशी झाली, अन्य ठिकाणच्या पंडितांचीही मते मागविण्यात आली आणि ते विधान ग्राह्य ठरले.

येथे क्षणभर थांबून विचार करण्यासारखे आहे. ज्या इंग्लंडच्या वतीने कंपनी हा कारभार करीत होती, त्या देशात १७०१ च्या कायद्यान्वये कॅथलिक व्यक्तीस राजपदावर बसता येत नाही, आणि हा नियम आजतागायत कायम आहे. तेथे सिंहासन पंथावर अवलंबून असे. तंजावरात मात्र त्याच कंपनीला हिंदू धर्मशास्त्राचे ग्रंथ उघडून बसावे लागले, आणि एका हिंदू राजपुत्राच्या हक्कासाठी एक ल्यूथरपंथी पाद्री अर्ज करीत राहिला.

सिंहासन मिळाले, राज्य गेले

१३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ यांचे तंजावरात निधन झाले. सरफोजी त्यांच्या अंत्यदर्शनास आले. शवपेटी बंद होण्यापूर्वी त्यांनी गुरूंचे मुख पाहिले, अश्रू ढाळले, देहावर जरीवस्त्र घातले आणि ते दफनस्थानापर्यंत बरोबर गेले. राजघराण्यातील हिंदू पुरुषाने असे करणे त्या काळी रूढीस सोडून होते. त्यानंतर काही महिन्यांतच, जून १७९८ अखेर, सरफोजींचे राज्यारोहण झाले. ज्यांनी त्यासाठी अकरा वर्षे खटपट केली, ते पाहण्यास हयात नव्हते.

परंतु या राज्यारोहणाची किंमत जबर होती. २५ ऑक्टोबर १७९९ रोजी झालेल्या तहान्वये तंजावरच्या मुलखाचा संपूर्ण कारभार कंपनीच्या हाती गेला. राजाकडे तंजावरचा किल्ला आणि लगतचा भाग एवढेच उरले. त्यांना दरसाल एक लक्ष होन, म्हणजे सुमारे साडेतीन लक्ष रुपये, आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा मिळावा असे ठरले. सव्वाशे वर्षे चाललेले राज्य बावीस वर्षांच्या तरुणाच्या सहीने संपले. त्यांना दोष द्यावा काय? कंपनीनेच गादीवर बसविलेल्या राजाला नाही म्हणण्याची सोय नव्हती. तरीही हे सत्य झाकून ठेवण्याचे कारण नाही. श्वार्ट्झ यांची ममता निर्व्याज होती; ज्या सरकारपुढे त्यांनी दाद मागितली, त्या सरकारचा हेतू मात्र निर्व्याज नव्हता.

छत्रांसाठी केलेला आग्रह

राज्य गेल्यावर सरफोजींना एका गोष्टीची चिंता लागून राहिली, ती म्हणजे छत्रांची. तंजावरच्या मराठी राजांनी आणि विशेषतः त्यांच्या राण्यांनी रामेश्वराच्या वाटेवर ठिकठिकाणी छत्रे बांधली होती. प्रत्येक छत्रास गावांचे उत्पन्न लावून दिलेले होते. मुलूखच कंपनीकडे गेल्यावर या गावांचे काय होणार, असा प्रश्न उभा राहिला.

१८०१ मध्ये राजांनी तंजावरचे रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना एक सविस्तर पत्र लिहिले. छत्रांमध्ये काय चालते, याची त्यांनी त्यात बारकाईने माहिती दिली. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत प्रत्येक वाटसरूला आणि जोगी, जंगम, बैरागी अशा सर्व यात्रेकरूंना तेथे शिजविलेले अन्न मिळे. जे शिजविलेले अन्न घेत नसत त्यांना कोरडा शिधा दिला जाई. रात्री उशिरा येणाऱ्यासाठीही अन्नाची सोय असे. आजारी वाटसरूस बरे वाटेपर्यंत ठेवून घेत. त्याच्यासाठी वैद्य, औषध आणि पथ्याची व्यवस्था असे. कोणी दगावल्यास त्याच्या जातीच्या रिवाजानुसार उत्तरक्रिया होई. तान्ह्या मुलांना दूध मिळे, आणि वाटेत प्रसूत होणाऱ्या स्त्रीची देखभाल केली जाई. शिवाय वेदाध्ययनासाठी आणि मुलांच्या शिक्षणासाठी शिक्षक नेमलेले असत. तंजावरची कीर्ती या दानधर्मामुळे आहे आणि हा लौकिक राखणे यातच आपल्या पदाचा खरा मान आहे, असे राजांनी त्यात स्पष्टपणे मांडले. छत्रांना लावलेली गावे काढून घेऊ नयेत, हा त्यांचा आग्रह होता.

या पत्राचे मोल कळण्यासाठी पुन्हा युरोपकडे पाहावे लागते. तेथेही एके काळी छत्रे होती. कॅथलिक संन्याशांच्या मठांतून वाटसरूंना आसरा, भुकेलेल्यांना अन्न आणि रोग्यांना शुश्रूषा मिळत असे. संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीनुसार चालणाऱ्या मठांत तर आलेल्या पाहुण्याचे साक्षात ख्रिस्त समजून स्वागत करावे, असा दंडक होता. मठांच्या जमिनींवर हा खर्च चाले. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने पोपशी संबंध तोडल्यावर १५३६ ते १५४० या चार वर्षांत सारे मठ मोडीत काढले. त्यांच्या जमिनी राजाकडे गेल्या आणि पुढे सरदारांनी व धनिकांनी विकत घेतल्या. मठांत सारेच काही आदर्श होते असे नाही. ऐषआराम आणि आळसही होता. पण दोषांबरोबर वाटसरूचे पानही गेले. गोरगरिबांची व्यवस्था लावण्यासाठी १६०१ पर्यंत कायद्यामागून कायदे करावे लागले. फ्रान्समध्येही १७८९ च्या क्रांतीनंतर धर्मसंस्थांच्या जमिनी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या.

तेव्हा राजसत्ता बदलली की देवाधर्माच्या नावे ठेवलेले उत्पन्न प्रथम हातचे जाते, हा अनुभव जगात नवा नव्हता. सरफोजींनी तो प्रसंग वेळीच ओळखला. स्वतःच्या तनख्याबद्दल जितक्या तळमळीने लिहावे, त्याहून अधिक तळमळीने त्यांनी वाटसरूच्या अन्नाबद्दल लिहिले. त्यांचे म्हणणे मानले गेले आणि छत्रांचा कारभार राजघराण्याकडे राहिला.

ओरत्तनाडूचे छत्र

यानंतर लवकरच, १८०२ मध्ये, ओरत्तनाडूचे छत्र उभे राहिले. मुक्तांबा ही सरफोजींची तरुणपणीची प्रिय सहचरी. तिच्याशी त्यांचा विधिपूर्वक विवाह झालेला नव्हता. ती अकाली वारली. आपल्या नावाने एखादे अन्नछत्र व्हावे, अशी इच्छा तिने अंतकाळी व्यक्त केली, असे परंपरा सांगते. राण्यांच्या नावे छत्रे पूर्वी अनेक झाली होती. वंशावळीत जिला स्थान मिळाले नसते अशा स्त्रीचे नाव राजांनी छत्राला दिले आणि गावालाही दिले, यात त्यांच्या मनाचा सरळपणा दिसतो.

हे छत्र रामेश्वराच्या वाटेवर असल्यामुळे येथे यात्रेकरूंची सतत वर्दळ असे. केवळ अन्नदानावर राजे थांबले नाहीत. येथे त्यांनी विद्यालयही चालविले आणि त्यात देशी विद्यांबरोबर इंग्रजी शिकविण्याची सोय केली. ओरत्तनाडूच्या जवळच असलेल्या कण्णंदंगुडी गावी पन्नास गरीब ख्रिस्ती मुलांच्या पालनपोषणाची व शिक्षणाची व्यवस्थाही त्यांनी आपल्या खर्चाने लावून दिली. मिशनच्या लोकांनी तिचा कृतज्ञतेने उल्लेख करून ठेवला आहे.

त्या काळच्या रूढीप्रमाणे छत्रातही पंक्ती जातीनुसार वेगळ्या असत. आजच्या दृष्टीने तो भेद होता हे मान्य केले पाहिजे. पण दारात आलेल्याला त्याचा देव कोणता हे विचारून परत पाठविले जात नव्हते.

याच काळात इंग्लंडात काय चालले होते? ज्या १८०१ साली राजांनी छत्रांबद्दल पत्र लिहिले, त्याच साली पंतप्रधान धाकटे पिट यांनी राजीनामा दिला. कॅथलिक नागरिकांवरील राजकीय निर्बंध उठवावेत असा त्यांचा प्रस्ताव होता, आणि आपल्या राज्यारोहणाच्या शपथेला त्यामुळे बाध येतो असे म्हणून राजे तिसरे जॉर्ज यांनी तो फेटाळला. इंग्लंडमध्ये कॅथलिक माणसाला पार्लमेंटात बसण्याचा हक्क मिळण्यास १८२९ साल उजाडावे लागले. तोपर्यंत ओरत्तनाडूच्या छत्रात सत्तावीस वर्षे पाने मांडली जात होती.

विद्या घेतली, धर्म राखला

श्वार्ट्झ आणि गेरिके यांच्या सहवासात वाढलेला हा राजा ख्रिस्ती होईल, अशी मिशनमधील अनेकांना आशा होती. युरोपच्या इतिहासात राजाने पंथ बदलला की प्रजा त्याच्यामागे जाई. तसेच काही येथेही घडेल असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही. सरफोजींनी ती आशा पुरी केली नाही, आणि गुरूंविषयीची भक्तीही कमी होऊ दिली नाही.

बृहदीश्वराच्या मंदिराची त्यांनी डागडुजी केली आणि १८०३ मध्ये भोसले घराण्याचा संपूर्ण इतिहास मराठीत तेथील भिंतींवर कोरून घेतला. जगातील प्रदीर्घ शिलालेखांत त्याची गणना होते. त्याच तंजावरात श्वार्ट्झ यांच्या चर्चमध्ये त्यांनी लंडनचे विख्यात शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून घडविलेले संगमरवरी स्मारक बसविले. मृत्युशय्येवरील पाद्री आणि त्यांच्याजवळ उभा असलेला तरुण राजा, असे ते शिल्प आहे. गुरूंच्या समाधीसाठी राजांनी इंग्रजी पद्यात स्मृतिलेखही स्वतः रचला. एका बाजूला देवालयाच्या भिंतीवरील मराठी आणि दुसऱ्या बाजूला चर्चमधील संगमरवर, या दोहोंत त्यांना विसंगती वाटली नाही.

युरोपकडून त्यांनी विद्या घेतली ती मनसोक्त. सरस्वती महालातील हस्तलिखितांत त्यांनी मोठी भर घातली आणि युरोपीय भाषांतील हजारो ग्रंथ जमविले. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात वाड्यात देवनागरीचा छापखाना सुरू केला आणि इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर त्यात छापले. देवनागरी अक्षरांत मराठी छपाईचे जे अगदी आरंभीचे प्रयत्न झाले, त्यांत तंजावरचा हा प्रयत्न मोडतो. धन्वंतरी महालात देशी व विलायती औषधांचे प्रयोग चालत. डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी आणि त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे आजही सरस्वती महालात पाहावयास मिळतात. देवेंद्र कुरवंजी या आपल्या मराठी नाट्यरचनेत तर त्यांनी एका कुरवंजीच्या, म्हणजे भविष्य सांगणाऱ्या भटक्या स्त्रीच्या, तोंडून पृथ्वीवरील खंडांचा आणि देशांचा भूगोल वदविला. तमिळ नाट्यप्रकार, मराठी भाषा आणि युरोपीय ज्ञान यांचा असा मेळ त्यापूर्वी कोणी घातला नव्हता.

युरोपच्या राजकारणाशीही त्यांचा संबंध आलाच. नेपोलियनने १८०९ मध्ये पोप सातवे पायस यांना कैद केले होते. त्याचा पाडाव झाल्यावर १८१४ मध्ये पोप रोमला परतले. त्याच पाडावाच्या स्मरणार्थ सरफोजींनी समुद्रकाठी, मल्लिपट्टणम् जवळ, मनोरा नावाचा आठ मजली षट्कोनी बुरूज बांधला. इंग्रजांचे स्नेही म्हणून त्यांना हे करणे भाग होते. ओरत्तनाडूवरून पुढे जाणाऱ्याच वाटेने पट्टुकोट्टै मागे टाकून तेथे जाता येते. एकाच सडकेवर राजांच्या दोन वास्तू आहेत. मनोरा कंपनीला दाखविण्यासाठी होता, छत्र वाटसरूसाठी होते.

अखेरची वर्षे

१८२० ते १८२२ च्या दरम्यान राजांनी मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रा केली आणि तेथूनही हस्तलिखिते आणली. १८२६ च्या मार्चमध्ये कलकत्त्याचे बिशप हीबर तंजावरास आले. राजांच्या शास्त्रीय ज्ञानाने ते थक्क झाले. युवराज शिवाजी यांना शिक्षणासाठी आपल्याबरोबर पाठवावे असे हीबर यांनी सुचविले. राजांचा विरोध नव्हता, परंतु मुलाच्या आईने संमती दिली नाही आणि बेत राहून गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ३ एप्रिल १८२६ रोजी, हीबर यांचे त्रिचनापल्लीस आकस्मिक निधन झाले. ज्या राजाचे स्वतःचे बालपण एका पाद्र्याच्या छत्राखाली गेले, त्याच्या मुलाची हकीकत अशी वेगळ्या वळणाने गेली.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजीराजांचे देहावसान झाले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुत्रहीन वारले आणि कंपनीने तंजावरची गादीच खालसा केली. छत्रे सरकारच्या देखरेखीखाली आली. ओरत्तनाडूच्या वास्तूत पुढे शाळा आणि विद्यार्थ्यांचे वसतिगृह नांदले. यात्रेकरूंच्या पंक्ती उठल्या तरी गरीब मुलांचा निवारा म्हणून ती इमारत उपयोगी पडत राहिली. सरस्वती महाल १९१८ पासून सर्वांना खुला झाला.

सरफोजींच्या चरित्रात रणांगणावरील विजय नाहीत. त्यांचे राज्य लहानपणी हिरावले गेले, आणि मिळाले तेव्हा नावापुरतेच मिळाले. तरीही महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर जन्मलेल्या या राजाने मराठी भाषा छापली, कोरली आणि रंगभूमीवर आणली. ज्या तमिळ मुलखात तो राहिला तेथील लोकांना त्याने आपले मानले. परक्या गुरूवर त्याने पित्यासारखे प्रेम केले आणि स्वतःचा धर्म शांतपणे पाळला. आणि सर्व काही हातचे जात असता कशासाठी भांडावे याची निवड करण्याची वेळ आली, तेव्हा त्याने अनोळखी वाटसरूच्या जेवणासाठी भांडण मांडले.

परमुलखात आलेल्या मराठी माणसाला उतरावयास जागा आणि जेवावयास दोन घास मिळावेत, याच गरजेतून आपली मंडळे ठिकठिकाणी उभी राहिली. पन्नास वर्षांच्या वाटचालीत आपल्या मंडळाच्या दाराशी आलेल्या किती जणांना आपण हा आसरा दिला, याचा हिशेब सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने प्रत्येकाने मनाशी मांडावा. दक्षिणेकडे जाणे घडल्यास बृहदीश्वराबरोबर ओरत्तनाडूचेही दर्शन घ्यावे, आणि मुलांना तेथे घेऊन जाऊन या राजाची हकीकत सांगावी, एवढीच वाचकांस विनंती.